वारा वाकडा असेल त्या दिवशी: ग्लायडरवाल्यांसाठी माझी टिपणं

क्लबात पोचल्यावर मी हँगरचं दार लगेच उघडत नाही. गाडीजवळच पाच मिनिटं गप्प उभी राहते. नव्या मुलांना वाटतं, बाईंची झोप अजून उतरलेली नाही. खरं तर मी तीन वारे मोजत असते.

पहिला गवतातला. तो विंडसॉकवर (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीवर) दिसतो आणि बहुतेकांचं मोजमाप तिथेच संपतं. दुसरा झाडांच्या शेंड्यांवरचा. शेंडे एकाच बाजूला वाकून राहिले आहेत की उभ्या उभ्या घुसळले जातायत, हे बघायचं. तिसरा ढगांच्या सावल्या पळवणारा. सावली धावपट्टीचं एक टोक ओलांडून दुसऱ्या टोकाला किती सेकंदांत पोचते ते मोजलं, की वरच्या वाऱ्याचा वेग तोंडी हिशेबाने निघतो. आमची पट्टी साधारण एक किलोमीटर लांब आहे. परवाच्या शनिवारी सावलीला तेवढं अंतर कापायला नव्वद सेकंद लागले, म्हणजे वर ताशी ४० किलोमीटरचा वारा. खाली विंडसॉक मात्र मधूनच मान टाकत होता.

या तीन वाऱ्यांमध्ये फरक जितका जास्त, तितका दिवस अवघड. वारा नुसता जोराचा असेल आणि तिन्ही थरांत सारखाच असेल, तर मी विद्यार्थ्याला घेऊन निवांत उडते. खाली नरम, मध्ये घुसळण आणि वर सोसाट्याचा असेल, तर माझी बोलण्याची पट्टी बदलते, असं विद्यार्थी सांगतात.

ही टिपणं नुकत्याच सोलो झालेल्यांसाठी, म्हणजे एकट्याने उडू लागलेल्यांसाठी आहेत. शांत हवेत वीस-पंचवीस लँडिंग गोड झाली की आपल्याला ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) उतरवता येतो असं वाटायला लागतं. येतोही. फक्त तो वारा नसताना येतो.

आकडा आधी काढा

शनिवारी आम्ही पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे २७ नंबरच्या धावपट्टीवरून, उडत होतो. वारा ३१० अंशांवरून, सरासरी १४ नॉट, झोत २४ नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). धावपट्टीची दिशा २७० आणि वाऱ्याची ३१०, म्हणजे कोन ४० अंशांचा, उजवीकडून.

आडवा वारा किती, हे काढायला घड्याळ पुरतं. अंशांना मिनिटं समजा. १५ मिनिटं म्हणजे पाव तास, म्हणून १५ अंशांना वाऱ्याचा पाव हिस्सा आडवा. ३० अंशांना अर्धा, ४५ ला पाऊण, ६० आणि त्याच्या पुढे सगळाच्या सगळा. ४० म्हणजे तासाचा दोन तृतीयांश. तेव्हा १४ नॉटमधले ९ आडवे आणि २४ मधले १६.

यातला आपला आकडा कोणता? १६. सरासरी ही कागदावरची गोष्ट आहे. चाक टेकतं तो क्षण नेमका झोताचा निघाला, तर सरासरी कोण विचारतं? हा आकडा तुमच्या ग्लायडरच्या पुस्तिकेतल्या आडव्या वाऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवा आणि क्लबाने तुमच्या अनुभवाला घालून दिलेल्या मर्यादेशेजारीही. त्या दोन मर्यादांत जी लहान, ती तुमची. शनिवारी आमच्या सोलो विद्यार्थ्यांचं उडणं या बेरीज-वजाबाकीतच थांबलं. दोघं थोडे हिरमुसले. मी त्यांना पंख धरायला आणि लाँचची वही लिहायला लावलं. वाऱ्याच्या दिवशी दुसऱ्यांची पंधरा लँडिंग बाजूला उभं राहून बघणं हे एका उड्डाणापेक्षा जास्त शिकवतं, पण ते त्या वयात पटत नाही. मलाही पटलं नव्हतं.

दुसरं, अडथळे. आमच्या पट्टीच्या उत्तरेला झाडांची रांग आहे, उंची पंधरा मीटरच्या आसपास. वारा तिकडून आला की झाडांच्या आडोशाला हवा शांत झाल्यासारखी वाटते. ती शांत नसते, ती तिथे लोळत असते. अडथळ्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत, कधी त्याहूनही पुढे, ही लोळण जाणवते. पंधरा मीटरची झाडं म्हणजे दीडशे मीटर तर नक्कीच. आमची पट्टी झाडांपासून शंभर मीटरवर. म्हणून त्या वाऱ्यात मी टेकण्याची जागाच पुढे सरकवते, झाडांची रांग संपते तिथपर्यंत. उतरल्यावर ग्लायडर लांबून ढकलत आणावा लागतो आणि ढकलणारे कुरकुरतात. कुरकुरू देत.

जमिनीवरचं विमानसुद्धा उडतच असतं

आमचा दोन आसनी एएसके २१ आहे. पंखांचा पसारा १७ मीटर, रिकामं वजन ३६० किलोच्या आसपास. एकटा वैमानिक असताना तो ताशी ६५ किलोमीटरला स्टॉल होतो (पंखांची उचल तुटून खाली पडायला लागतो), म्हणजे त्या वेगाला ते पंख सुमारे ४७० किलो तोलून धरतात. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ४० किलोमीटरच्या झोतात, नाक वर झालं आणि कोन जमून आला, तर तेच पंख पावणेदोनशे किलो उचलू शकतात. रिकाम्या ग्लायडरचं जवळजवळ निम्मं वजन! हे गणित मी दर वर्षी नव्या तुकडीला फळ्यावर करून दाखवते, कारण "एवढं जड विमान वाऱ्याने काय उलटणार" हे वाक्य मला दर वर्षी ऐकू येतं.

तेव्हा हलवताना एक जण कायम वाऱ्याकडच्या पंखाच्या टोकाशी, टोक किंचित खाली दाबून. उभा करून ठेवायचा तर वाऱ्याला आडवा, वाऱ्याकडचा पंख जमिनीला टेकवून त्यावर टायर, एअरब्रेक (पंखांतून वर येणाऱ्या, उचल कमी करणाऱ्या पट्ट्या) उघडे, शेपटीला अडसर. आणि जवळ माणूस. टायर ठेवला की काम झालं असं समजून सगळे विंचकडे (केबल गुंडाळून ग्लायडर हवेत ओढणाऱ्या यंत्राकडे) पांगतात, ते नको.

कॅनॉपीबद्दल, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाबद्दल, वेगळं सांगते, कारण ती चूक माझी आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पेन्सिल घ्यायला म्हणून मी उघड्या कॅनॉपीवरचा हात काढून दोन पावलं गेले. मागे वळायच्या आत झोत आला. आवाज फार मोठा नव्हता, बांगडी पिचावी तेवढाच. पण तडा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला आणि तो ग्लायडर दोन महिने जमिनीवर बसला. तेव्हापासून माझा नियम असा: कॅनॉपी एकतर बंद आणि लॉक, नाहीतर कुणाचा तरी हात तिच्यावर. तिसरी अवस्था नाही.

निघण्याआधी मोठ्याने बोला

तपासण्या झाल्या की शेवटी मी विद्यार्थ्याला विचारते, "काय काय बिघडू शकतं?" उत्तर मोठ्याने हवं. मनातल्या मनात दिलेलं उत्तर अर्धवट असतं, हा माझा अनुभव आहे.

शनिवारचं उत्तर असं होतं. पंख जमिनीकडे गेला आणि लगेच सावरला नाही, तर केबल सोडायची पिवळी मूठ ओढायची. डावा हात सुरुवातीपासून तिच्यावरच. केबल खालीच तुटली तर सरळ समोर उतरायचं. समोरचा वारा चांगला आहे, त्यामुळे शांत दिवसापेक्षा जास्त उंचीवरूनही समोर जागा पुरेल. समोर जागा उरलीच नाही, तर पहिलं वळण डावीकडे, वाऱ्यापासून दूर.

इथे हमखास प्रश्न येतो: वाऱ्यापासून दूर का? वारा उजवीकडून, म्हणजे उत्तरेकडून येतोय. डावीकडे वळत छोटा फेरा पूर्ण केला, तर पट्टीशी जुळण्याआधीचा शेवटचा तुकडा वाऱ्याकडे तोंड करून येतो. जमिनीवरचा वेग कमी असतो, शेवटचं वळण सावकाश घेता येतं. उलट उजवीकडे वळलात, तर त्या शेवटच्या तुकड्यात वारा पाठीवर बसतो, पट्टी पायाखालून सटकते आणि माणूस घाईत वळण आवळतो. खाली, कमी वेगात आवळलेलं वळण म्हणजे स्पिनला, गरगरत खाली पडण्याला, आमंत्रण.

आणि केबल तुटली की आधी नाक खाली. नाक खाली गेलं म्हणजे वेग आला असं नाही, तो दोन-तीन सेकंद मागून येतो. वेग काट्यावर दिसेपर्यंत वळायचं नाही आणि एअरब्रेकला हात लावायचा नाही. मी विद्यार्थ्यांना म्हणायला लावते, "नाक, वेग, मग बाकीचं."

विंचवर

आडव्या वाऱ्यात पंख धरणाऱ्याने वाऱ्याकडचा पंख केसभर खाली ठेवून धरायचा. सुटल्या सुटल्या शेपटीवर वारा बसतो आणि नाक वाऱ्याकडे वळू बघतं, कोंबड्याच्या आकाराचं दिशादर्शक फिरतं तसं. उजवीकडून वारा असेल तर डावं रडर (शेपटीवरचं, पायाने चालवायचं सुकाणू) आणि स्टिक (हातातली दांडी) थोडी उजवीकडे. वेग येईपर्यंत पाय मोठा हलवावा लागतो. त्याची लाज नको.

हवेत आल्यावर लगेच नाक वर खेचू नका. आधी वेग, मग थोडी उंची, मग हळूहळू चढ. वर जाताना समोरचा वारा वाढत जातो, त्यामुळे विंचने काहीही न बदलता काटा पुढे सरकतो. आमच्या ग्लायडरला विंचवर ताशी १५० किलोमीटर ही वरची हद्द आहे. काटा तिकडे निघाला तर रडर डावं-उजवं हलवून विंचवाल्या काकांना "जास्त होतंय" हे सांगायचं. काका जुने आहेत, शेपटी हलायच्या आधीच त्यांना समजतं. पण सगळ्या विंचांवर असे काका नसतात.

दुसरी गोष्ट केबलची. ग्लायडर हा अशा दिवशी पतंगच असतो. वाऱ्यामुळे नेहमीपेक्षा उंची जास्त मिळते, शंभर मीटरसुद्धा. पण पतंग वाऱ्याबरोबर सरकतो आणि मांजाही. वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवून चढलं नाही, तर सोडताना तुम्ही पट्टीच्या पार डावीकडे असता आणि केबल छोट्या पॅराशूटसकट कुंपणापलीकडे जाऊन पडते. मग सगळा क्लब तुमच्याकडे बघतो. शनिवारी तसं एकदा झालं. कुणाकडून, ते सांगत नाही. तो तेव्हाच पुरेसा लाल झाला होता.

टगमागून (दोराने ओढणाऱ्या विमानामागून) जाणाऱ्यांना एवढंच: झाडांवरून जाताना दोर ढिला पडून झटका बसतो, त्या वेळी टगच्या प्रत्येक हालचालीची नक्कल करू नका. तो ज्या झोतात उसळला, त्यात तुम्ही दोन-तीन सेकंदांनी पोचणार आहात. आणि टग दिसेनासा झाला तर तत्क्षणी दोर सोडा. तिथे विचार करायचा नसतो.

वर गेल्यावर: वाऱ्याकडे राहा

या एका मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण इथे चूक गोड लागते.

थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, वाऱ्याबरोबर वाहतो. त्यात फिरणारे तुम्हीही वाहता. समजा, सेकंदाला एक मीटर चढ मिळतोय आणि तुम्ही दहा मिनिटं त्यात फिरलात. उंची मिळाली ६०० मीटर. उंचीचा काटा बघून मन भरून येतं. खाली बघा: ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात दहा मिनिटांत तुम्ही साडेसहा किलोमीटरहून जास्त मागे गेलात. आता परत या. समोरून वारा असताना सर्वोत्तम घसरणीच्या वेगात समोरच्या वाऱ्याचा निम्मा वेग मिळवायचा, हा जुना आणि चांगला नियम. आमच्या ग्लायडरचा तो वेग ताशी ९०. त्यात २० मिळवले, ११० झाले. जमिनीवरून बघितलं तर ७०. तेवढं अंतर कापायला पावणेसहा मिनिटं लागतात आणि त्या वेगाला सेकंदाला साधारण एक मीटर उंची जाते. म्हणजे साडेतीनशे मीटर खर्च. सहाशेतले हातात उरले अडीचशे.

हे झालं हवा शांत असताना. दोन थर्मलच्या मधली हवा खाली जाणारी असते. ती सेकंदाला दोन मीटरने खाली जात असेल, तर खर्च तिप्पट होतो आणि मिळवलेल्या सहाशे मीटरमध्ये घर गाठता येत नाही. पुस्तकात आमच्या ग्लायडरची घसरण चौतीसास एक (एक मीटर खाली येताना चौतीस मीटर पुढे) लिहिली आहे. समोर वारा आणि खाली जाणारी हवा एकत्र आली, की तोच ग्लायडर सहास एकने खाली येतो. फेकलेली वीट आणि तो यांत मग फार अंतर राहत नाही, असं मी मुलांना म्हणते. वीट सहास एकनेही जात नाही, पण त्या क्षणी तसंच वाटतं.

मी हे गणित बसल्या जागी शिकलेले नाही. सोलो झाल्यावरच्या दुसऱ्या वर्षी मी एका फुसक्या थर्मलमध्ये पंधरा मिनिटं फिरले. अर्धा मीटर, कधी पाऊण. दर फेऱ्याला वाटायचं, आता पकडेल. वर बघत राहिले, खाली बघितलंच नाही. पट्टी जेव्हा बघितली, तेव्हा ती वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, बोटभर लांबीची दिसत होती. तीनशे मीटरवर मी पट्टीचा नाद सोडला आणि कापणी झालेल्या एका शेतात, वाऱ्याकडे तोंड करून उतरले. ग्लायडर ठीक, मी ठीक. तीनशेला नाद सोडला हे त्या दिवसातलं माझं एकमेव शहाणपण. अजून एक फेरा मारून बघूया म्हटलं असतं, तर शेत निवडायला वेळ उरला नसता.

म्हणून नियम. केबल सोडल्यावर पहिला शोध वाऱ्याच्या वरच्या बाजूला. चढ मीटरभरापेक्षा कमी असेल आणि तुम्ही पट्टीच्या खालच्या अंगाला (वारा जातो त्या बाजूला) सरकत असाल, तर तो थर्मल सोडा, कितीही जीव जडला असला तरी. थर्मल सुटला तर शोधायला पुन्हा वाऱ्याकडेच जा. खाली वाहत जाऊन शोधण्यात दुहेरी तोटा आहे. वारा जोराचा आणि दिशेला पक्का असेल तर ढगांच्या रांगा लागतात, वाऱ्याला समांतर. अशी रांग पट्टीवरून वर गेलेली असेल तर न फिरता सरळ वाऱ्याकडे उडत राहता येतं, उंची न घालवता. अशा रांगा मिळाल्या की वाकड्या दिवसाचं सोनं होतं. दोन रांगांच्या मधोमध मात्र रेंगाळू नका, तिथे सगळं खालीच जातं. ओलांडायचं तर काटकोनात आणि वेगात.

सर्किट: इथे घाई नको, पण जवळ राहा

वाऱ्याच्या दिवशी मी सर्किटला, म्हणजे उतरण्याआधी पट्टीभोवती घ्यायच्या चौकोनी फेऱ्याला, नेहमीपेक्षा उंच येते आणि सगळा चौकोन पट्टीच्या जवळ ओढून घेते.

बाजू आधी ठरवा. शनिवारी आम्ही दक्षिणेकडून, म्हणजे डाव्या वळणांचं सर्किट घेतलं. कारण तेच, केबल तुटल्यावरचं: बेस लेग (पट्टीला काटकोनातला, शेवटच्या वळणाआधीचा तुकडा) वाऱ्याकडे तोंड करून येतो. शिवाय झाडं उत्तरेला. डाउनविंडवर (पट्टीला समांतर, उलट दिशेच्या तुकड्यावर) वारा तुम्हाला पट्टीपासून बाहेर ढकलतो, म्हणून नाक पट्टीकडे थोडं वळवून खेकड्यासारखं चालायचं. नाक एकीकडे, चाल दुसरीकडे. पट्टी पंखाखाली त्याच जागी दिसत राहिली पाहिजे. ती बारीक होत चालली, तर तुम्ही वाहताय.

डाउनविंडवर वारा पाठीशी असतो, जमीन भराभर मागे पळते. डोळे म्हणतात, फार वेगात आहोत. हात स्टिक मागे घेतो. या फसवणुकीत वेग पडतो आणि नेमका पुढच्या वळणात तो हवा असतो. जमीन काहीही सांगो, काटा वाचा.

बेसचं वळण शांत दिवशी जिथे घेता त्याच्या बरंच आधी घ्या. फायनलला (पट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या तुकड्यावर) समोरचा वारा तुम्हाला खाणार आहे. फार उंच झालात तर एअरब्रेक आहेत. कमी पडलात तर जोडीला काहीच नाही. इंजिन नसलेल्या विमानात दुसरा प्रयत्न नसतो, हे सगळ्यांना माहीत असतं, पण बेसला आठवत नाही. फायनलचं वळण जमिनीपासून शंभर मीटरच्या वर संपलेलं हवं, पंख व्यवस्थित झुकवून, कॅनॉपीवरचा लोकरीचा धागा सरळ ठेवून (तो तिरका झाला की ग्लायडर बाजूला घसरतोय). वळण चुकून पट्टीपलीकडे गेलात तर पायाने नाक ओढून आणू नका. तिरकेच या, तिरके उतरा, शेजारच्या गवतात उतरा. काहीही चालेल. रडरने ओढलेलं वळण चालणार नाही.

आता वेग. आमच्या ग्लायडरचा शांत हवेतला उतरण्याचा वेग ९०. त्यात समोरच्या वाऱ्याचा निम्मा मिळवायचा. शनिवारी झोत २४ नॉट, ४० अंशांनी, म्हणजे समोरून सुमारे १८ नॉट, ३४ किलोमीटर. निम्मे १७. झाले १०७. मी विद्यार्थ्याला ११० सांगितले, कारण १०७ धरायला लावणं हा छळ आहे.

हा जादा वेग कशासाठी, ते नीट समजून घ्या. वारा जमिनीला घासून मंदावतो. वीस-तीस मीटरवर समोरून ३४ किलोमीटर असलेला वारा गवताशी १५ वर आलेला असतो. ग्लायडर जड आहे, तो जमिनीच्या हिशेबाने लगेच पळायला लागत नाही. त्यामुळे त्या काही सेकंदांत काट्यावरून १९ किलोमीटर गळून पडतात. तुम्ही काही न करता. ९० ने आला असतात तर ७१ वर, दोघं जण बसलेले, आणि दोघांसह तो ७४ च्या आसपास स्टॉल होतो. ११० ने आलात तर ९१ उरतात आणि तुम्ही माणसासारखे उतरता. ग्लायडर उडवणाऱ्या पहिल्या लोकांपैकी जर्मन ओटो लिलिएंतालने दोन हजारांच्या आसपास उड्डाणं केली होती. ९ ऑगस्ट १८९६ ला हवेच्या झोताने त्याचं नाक वर उचललं, ग्लायडर स्टॉल झाला, आणि पंधरा मीटरवरून वेग परत मिळवायला त्याच्याकडे जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी तो गेला. मी त्याच्यापेक्षा बऱ्याच उंचीवरून येते आणि माझ्याकडे काटा आहे. तो न वाचण्याचं माझ्याकडे कारण नाही.

वेग गळायला लागला की नाक थोडं खाली, एअरब्रेक आहेत तिथेच किंवा थोडे आत. पूर्ण उघडे एअरब्रेक घेऊन या थरात शिरू नका.

टेकताना आणि टेकल्यानंतर

आडव्या वाऱ्यात उतरायच्या दोन पद्धती सांगतात. एकीत वाऱ्याकडचा पंख खाली ठेवून घसरत येतात. दुसरीत नाक वाऱ्याकडे ठेवून खेकड्यासारखं येतात आणि टेकायच्या क्षणी रडरने नाक पट्टीवर आणतात. दोन्ही बरोबर आहेत. मी दुसरी शिकवते, कारण लांब पंखाचं टोक गवताच्या जवळ नेऊन ठेवणं मला आवडत नाही. रडर लवकर मारलंत तर ग्लायडर वाहायला लागतो, उशिरा मारलंत तर चाक तिरकं घासतं. नेमका क्षण सांगून येत नाही. शनिवारी माझ्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा लवकर मारलं, दुसऱ्यांदा उशिरा, तिसऱ्यांदा बरोबर. चौथ्यांदा पुन्हा लवकर.

टेकलं म्हणजे संपलं नाही. वेग कमी होताना रडर दुबळं होत जातं आणि शेपटीवरचा वारा तेवढाच राहतो. नाक उजवीकडे जाऊ बघेल. डावं रडर पूर्ण, स्टिक उजवीकडे, वाऱ्याकडचा पंख खाली. थांबेपर्यंत उडवत राहा.

थांबल्यावर बसून राहा. एअरब्रेक उघडे, पट्टे बांधलेले, कॅनॉपी बंद. कुणी तरी धावत येऊन पंख धरेल. नव्या वैमानिकाला लँडिंग चांगलं झाल्याच्या आनंदात लगेच उठून बाहेर यायचं असतं. तुम्ही उठलात की नाकातलं सत्तर-ऐंशी किलो वजन गेलं, आणि वर केलेलं ते फळ्यावरचं गणित लागू झालं.

संध्याकाळचा विंडसॉक

दिवसातला सगळ्यात फसवा तास शेवटचा. ऊन उतरलं की जमीन थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड आणि जड होऊन खाली बसते आणि वरच्या वाऱ्याशी तिचा संबंध तुटतो. विंडसॉक लोंबतो. दिवसभर थांबलेले सोलोवाले हळूच जवळ येतात: "आता तर वारा पडला ना?"

खालचा पडला. शंभर-दीडशे मीटरवर तो अजून तसाच वाहत असतो, आणि दिवसभर जो फरक तीस मीटरच्या जाडीत पसरलेला होता, तो आता पातळ थरात गोळा झालेला असतो. शनिवारी शेवटच्या उड्डाणात मी स्वतः पुढे बसले होते. दीडशे मीटरवर पट्टी गाठायला नाक बारा-पंधरा अंश वाऱ्याकडे ठेवावं लागत होतं. साठ मीटरच्या आसपास एकाच दणक्यात काटा ११० वरून ९२ वर आला आणि खेकड्याची चाल एकदम सरळ झाली. त्याखाली हवा तेलासारखी गुळगुळीत. विंडसॉककडे बघून मी ९० ने आले असते, तर तो दणका मला ७२ वर भेटला असता.

खाली उतरल्यावर दोघा सोलोवाल्यांना मी काटा कसा पडला ते सांगितलं. एकाने विचारलं, "मग आज आम्हाला काहीच नाही?" मी म्हटलं, हँगर. ग्लायडर आत ढकलायला पाच जण लागतात.

घरी जायच्या आधी उड्डाणवहीत मी एक ओळ जादा लिहिते. शनिवारची अशी आहे: "गवतात ३१०/१४, झोत २४. झाडांवर घुसळण, दुपारी जास्त. वर ४०. संध्याकाळी खाली शून्य, ६० मीटरवर धक्का, १८ गेले. टेकायची जागा झाडांच्या पुढे. एक केबल कुंपणाबाहेर."